मध नको, तेल हवं

फुलावर माशी बसली की आपण धरूनच चालतो, मध प्यायला आली असणार. मेक्सिकोपासून खाली अर्जेंटिनापर्यंतच्या उष्ण पट्ट्यात मात्र काही माश्या फुलावर चक्क तेलासाठी जातात. त्यातली टेट्रापीडिया साधारण सेंटिमीटरभर, काळपट आणि एकटी राहणारी, म्हणजे पोळं नाही, राणी नाही, किड्यांनी पोखरलेल्या लाकडात एखादं रिकामं भोक सापडलं की हिचा संसार सुरू.

तेल कुठून आणते? बिरसोनिमाच्या झाडावरून. याची छोटी पिवळी फळं मध्य अमेरिकेत नान्से म्हणून खातात, ब्राझीलमध्ये मुरिसी म्हणून. याचं फूल उलटं करून बघितलं की पाकळ्यांच्या मागे, निदलांवर, म्हणजे कळी झाकणाऱ्या हिरव्या पानोळ्यांवर, फुगीर ग्रंथी दिसतात, सहसा दहा, एकेका निदलावर दोन, आणि वरच्या पातळ पापुद्र्याखाली तेल साठलेलं. मधाचा थेंब नाही. माशीच्या पुढच्या पायावर केसांचा कंगवा असतो, त्याने ती ग्रंथी खरवडते, तेल मागच्या पायांच्या दाट केसांत भरते आणि सुटते घराकडे. स्वतः पीत नाही हं! परागात कालवून पिल्लांची शिदोरी करते आणि उरलेलं वाळूत मिसळून घराला गिलावा, म्हणजे आपल्या गवंड्याला लाजवेल असं काम. स्वतःच्या पोटासाठी बिचारीला दुसरी फुलं शोधावी लागतात.

अँडीजकडे गेलात तर माशीही बदलते आणि झाडही, तिथे कॅल्सिओलारियाच्या पिशवीसारख्या फुलांत तेल असतं आणि ते न्यायला शालेपोजेनस नावाच्या माश्या. हा सगळा तेलाचा व्यवहार जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ श्टेफान फोगेल यांनी १९७४ च्या पुस्तकात सविस्तर मांडला, तोवर कुणाच्या फारसं डोक्यातच आलं नव्हतं.

आता गंमत बघा, आपली हळदवेल, म्हणजे माधवीलता, या बिरसोनिमाच्याच कुळातली. कुळात साधारण १३०० जाती, बहुतेक अमेरिकेतच, पण काही पूर्वज कोट्यवधी वर्षांपूर्वी आफ्रिका-आशियात पोचले, त्यांचं तेल नेणाऱ्या माश्या मात्र तिकडेच राहिल्या. गिऱ्हाईकच नाही तर घाणा कशाला चालवायचा? थंडी सरताना सह्याद्रीत हळदवेल फुलली की एक फूल उलटून बघा, झालरीच्या पांढऱ्या पाकळ्यांमागे देठाला चिकटून एकच मोठी ग्रंथी उरलीय, आणि तिच्यातून येतो तो गोड रस.