पडदा काळा: मॉनिटर गेला की सप्लाय?

जुन्या व्हिडिओ गेमच्या मशीनचा पडदा काळा पडला की नागपुरात पहिला निकाल ठरलेला: ‘ट्यूब गेली, बाप्पा.’ पिक्चर ट्यूब मशीनमध्ये सगळ्यात मोठी दिसते, म्हणून आळ तिच्यावर. प्रत्यक्षात ट्यूब सहसा शेवटी जाते. त्याआधी एक तर मॉनिटरची चेसिस, म्हणजे ट्यूब चालवणारं सर्किट, बसते, नाही तर गेमच्या बोर्डाला वीज देणारा सप्लाय. समोर उभं राहून पाहिलं तर दोन्हींत तोच काळा पडदा दिसतो.

मशीनमध्ये २३० व्होल्ट आले की त्यांच्या दोन वाटा होतात. एक वाट एसएमपीएसकडे, म्हणजे बोर्डाला वीज देणाऱ्या सप्लायकडे, जाते, तिथून ५, १२ आणि उणे ५ व्होल्ट गेमच्या बोर्डाला मिळतात. दुसरी, बहुतेक वेळा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरमधून (मॉनिटरला मेनपासून वेगळं ठेवणारा), मॉनिटरकडे जाते आणि चेसिस आपले वरचे व्होल्टेज स्वतः तयार करते. म्हणून बोर्ड मेलेला असतानाही मॉनिटर जिवंत असू शकतो, आणि उलटही. पडद्याच्या वर असलेली मार्की, म्हणजे गेमच्या नावाची पाटी, पेटलेली आहे म्हणजे सप्लाय ठीक आहे, असं बरेच जण समजतात. ती ट्यूबलाइट साधारणपणे थेट मेनवर असते. एसएमपीएसबद्दल ती काहीच सांगत नाही.

मीटर काढायच्या आधी कान लावा. कॉइन टाका. कॉइनचा आवाज आला, गेम सुरू झाल्याचं संगीत वाजलं, तर बोर्ड चालू आहे आणि दोष मॉनिटरमध्ये किंवा व्हिडिओच्या वायरीत आहे. आवाज नसेल तर मागच्या जाळीतून, हात आत न घालता, ट्यूबची मान बघा. तिथे नारिंगी उजेड असेल आणि मशीन चालू करताना काचेजवळ हातावरचे केस उभे राहत असतील, तर मॉनिटर आपलं काम करतोय, त्याला चित्रच मिळत नाहीये. उजेडही नाही, आवाजही नाही, तर आधी फ्यूज, स्विच आणि प्लग.

चित्र येतंय पण चुकीचं येतंय, तेव्हा खरी गल्लत होते. मॉनिटरला अक्षरं कळत नाहीत, जे मिळेल ते तो काढतो. त्यामुळे अक्षरांचा कचरा झालाय, पात्रांचे तुकडे भलत्याच जागी दिसतायत, गेम दर काही सेकंदांनी पुन्हा सुरू होतोय, यात मॉनिटरचा संबंध नाही. ५ व्होल्ट किंवा बोर्ड तपासा. उलट, पडद्यावर मधोमध एकच झगझगीत आडवी रेघ उरली, तर मॉनिटरचा व्हर्टिकल भाग (चित्र वर-खाली पसरवणारा) गेला, बहुधा ड्राय सोल्डर, म्हणजे सुटलेला डाख, किंवा सुकलेला कंडेन्सर. ब्राइटनेस लगेच कमी करा, नाही तर त्या रेघेचा डाग काचेवर कायमचा बसतो. एखादा रंग गायब असेल तर मशीन बंद करून मॉनिटरच्या प्लगमध्ये लाल आणि हिरव्याची वायर अदलाबदल करा. तरीही लालच गायब राहिला तर दोष मॉनिटरचा. आता हिरवा गायब झाला तर वायर किंवा बोर्ड.

५ व्होल्ट कुठे मोजता, यावर सगळं अवलंबून आहे. बरेच जण एसएमपीएसच्या वायरी जोडायच्या पट्टीवर मीटर लावतात, ५.१ दिसले की खूश. मोजायचं बोर्डाच्या कनेक्टरवर, बोर्ड चालू असताना. १९८५ मध्ये आलेल्या जॅमा पद्धतीत, म्हणजे गेमचा बोर्ड मशीनला जोडण्याच्या ठरलेल्या पद्धतीत, ५६ पिना असतात. १ आणि २ ग्राउंड, ३ आणि ४ वर ५ व्होल्ट. तिथे ४.७५ ते ५.२५ हवेत. पट्टीवर ५.१ आणि बोर्डावर ४.६ असतील, तर सप्लाय निर्दोष आहे. व्होल्टेज वायरीत आणि काळवंडलेल्या पिनांत गळतंय. अशा वेळी एसएमपीएसचा पॉट (व्होल्टेज कमी-जास्त करायचा स्क्रू) फिरवून आकडा वर ओढण्याची सवय मला अजिबात पसंत नाही. पुढे कोणी पिना साफ केल्या की तेच व्होल्टेज सरळ चिपांवर जातं. आधी खोडरबराने आणि आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पिना घासा, मग पॉट.

मे महिन्यात हा प्रकार वाढतो. बाहेर ४५ अंश, प्लायवूडच्या पेटीत त्याहून जास्त, आणि दर १० अंशांना कंडेन्सरचं आयुष्य जवळपास निम्मं होतं. त्यात त्याच लाइनवर कूलर. कूलर सुरू होताना मेनचं व्होल्टेज झपकन खाली येतं. चांगला एसएमपीएस ते पचवतो, पण कंडेन्सर सुकलेला किंवा जुना ट्रान्सफॉर्मरवाला सप्लाय पचवत नाही, आणि गेम रिसेट होतो. कूलर लागला की रिसेट होतो का, एवढं पाहिलं तरी संशय मॉनिटरवरून हटतो.

मॉनिटरचा फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल तर मोठ्या क्षमतेचा लावू नका. चेसिसमधला लाइन आउटपुट ट्रान्झिस्टर किंवा ब्रिज (एसीचं डीसी करणारा भाग) शॉर्ट असण्याची शक्यता मोठी आहे. नागपुरातल्या बर्डीच्या जुन्या टीव्ही मेकॅनिकसारखा सिरीज बल्ब, म्हणजे मेनच्या वाटेत मध्ये जोडलेला साधा बल्ब, लावून तपासा. पण सप्लायचं काम घरी करा, चेसिसचं नको. ट्यूबच्या ॲनोडवर (तिच्या वरच्या व्होल्टेजच्या जोडावर) २० हजार व्होल्टच्या आसपास असतात, मशीन बंद केल्यावरही ते राहतात. ॲनोड डिस्चार्ज करण्याची सवय असलेल्या माणसाकडेच ते द्या.

‘सरळ एलसीडी लावून टाकू’ हा उपायही ऐकू येतो. दोष ५ व्होल्टमध्ये असेल तर एलसीडीही काळाच राहील. बोर्ड ठीक असेल तरी जुना गेम सुमारे १५.७ किलोहर्ट्झचा सिग्नल देतो आणि बहुतेक संगणकी स्क्रीनना किमान ३१ च्या आसपास लागतो. मध्ये कन्व्हर्टर नसेल तर ‘आउट ऑफ रेंज’ लिहून येतं, आणि तो तिसराच दोष आहे असं वाटून पुन्हा ट्यूबकडे बोट जातं.