ओल्या कचऱ्याचे विरजण : कंपोस्ट कल्चर वापरण्याआधी

जैवतंत्रज्ञान म्हटले की जनुके आणि बीटी कापूस आठवतो. मूळ अर्थ मात्र साधा आहे : सजीवांकडून, बहुधा सूक्ष्मजीवांकडून, आपल्याला हवे ते काम करून घेणे. 1982 पासून औषध म्हणून मिळणारे, जिवाणूंकडून बनवून घेतलेले मानवी इन्सुलिन हे त्याचे एक टोक, दुधाला लावलेले विरजण हे दुसरे. ठाणे आणि नवी मुंबईतल्या सोसायट्यांना आम्ही देतो ते कल्चर, म्हणजे ओल्या कचऱ्याचे खत करणाऱ्या सूक्ष्मजीवांचे मिश्रण, विरजणाच्या बाजूचे. त्यात बॅसिलस जिवाणू आणि ट्रायकोडर्मा बुरशी असते. जनुकीय बदल केलेले काही नाही.

40 घरांचा रोजचा ओला कचरा 20 किलो धरू. त्यावर 100 ग्रॅम कल्चर भुरभुरा आणि 8 किलो सुका पाला मिसळा. पाल्याशिवाय कल्चर दुप्पट टाकले तरी फुकट जाते, हे आम्ही विक्रेते असूनही स्पष्ट सांगतो. भाजीपाला आणि शिळ्या अन्नात नत्र (नायट्रोजन) जास्त, कर्ब (कार्बन) कमी. जिवाणूंना नत्राच्या 25 ते 30 पट कर्ब लागतो, तो पाला पुरवतो. नाहीतर जास्तीचे नत्र अमोनिया होऊन उडते, डोळे चुरचुरतात.

मिश्रण मुठीत आवळा. एखादा थेंब सुटला तर ओल योग्य. पाणी ओघळले तर पाला वाढवा. आपल्याकडे जुलैत सुका पाला मिळणे कठीण, म्हणून रेन ट्रीची पानगळ होते तेव्हाच पोती भरून छपराखाली ठेवा. तीन-चार दिवसांनी ढीग वर-खाली करा. सडक्या अंड्यांचा वास म्हणजे आत हवा पोचत नाही. मासळीचे खवले-काटे ढिगाच्या मधोमध पुरा. ढीग मीटरभर उंच असेल तर आत 55 ते 60 अंश उष्णता टिकते, तणाचे बी आणि रोगजंतू मरतात.

सगळे नीट करूनही ढीग थंड राहिला तर आधी फिनाइलची चौकशी करा. वास मारायला ते खड्ड्यात ओतले जाते आणि कल्चरही मरते.

खत साधारण 45 दिवसांत तयार होते. निम्मे खत, निम्मी माती घालून कुंडीत मेथी पेरा. चार-पाच दिवसांत उगवली नाही तर खत कच्चे आहे, आणखी 15 दिवस ठेवा.