रिबिनींचा मेपोल दिसतो तितका जुना नाही

इंग्लंडच्या खेड्यात वाढलेल्यांच्या आठवणींत १ मे हमखास येतो. गावच्या हिरवळीवर उंच खांब, म्हणजे मेपोल, शेंड्याला रंगीत रिबिनी, त्या धरून शाळकरी मुलं आत-बाहेर नाचतात आणि खांबावर वीण उतरत जाते. (गोव्यातला गोफ पाहिलेल्यांना हे नवं वाटणार नाही.) एखादं पोर उलटीकडे वळलं की सगळा गुंता. सोबत ठरलेलं वाक्य: ही ख्रिस्तपूर्व काळातली वृक्षपूजा आहे!

खांब जुना आहे हे खरं, मध्ययुगापासून त्याचे उल्लेख सापडतात. पण त्याभोवती बहुधा तरुण मंडळी नाचत, रिबिनींशिवाय. वृक्षपूजेचा मात्र ठोस पुरावा नाही. उलट 'हे काफिरांचं खूळ' हा शिक्का विरोधकांनी मारलेला: १६४४ साली प्युरिटनांच्या (कडक आचाराच्या प्रोटेस्टंट ख्रिश्चनांच्या) पार्लमेंटने नेमकं हेच म्हणत खांब उखडायचा हुकूम काढला. मध्यंतरी गेलेली राजेशाही परतल्यावर १६६१ मध्ये लंडनच्या स्ट्रँड या रस्त्यावर सुमारे १३४ फुटी खांब थाटात उभा राहिला.

रिबिनींची वीण इंग्लंडात रुळली ती एकोणिसाव्या शतकात, तीही आधी रंगभूमीवरून. पुढे १८८१ साली लेखक आणि कलासमीक्षक जॉन रस्किन यांच्या पुढाकाराने लंडनच्या व्हाइटलँड्स या शिक्षिका घडवणाऱ्या कॉलेजात मे-राणी निवडण्याचा उत्सव सुरू झाला. तिथून शिकून बाहेर पडलेल्या शिक्षिकांनी तो, रिबिनींच्या नाचासह, आपापल्या शाळांत नेला, आणि खेड्यापाड्यांतल्या मुलांच्या हाती रिबिनी आल्या त्या अशा शाळांमधून.