बुद्धप्रतीके (प्रारंभिक बौद्ध शिल्पकला)

मध्य प्रदेशातल्या भारहूत आणि सांची येथील स्तूपांवरच्या सुरुवातीच्या बौद्ध शिल्पांत बुद्धचरित्रातले प्रसंग कोरलेले आहेत, पण खुद्द बुद्ध मानवी रूपात दिसत नाही. त्याच्या जागी बोधिवृक्ष, धर्मचक्र, रिकामे आसन, पावले किंवा स्तूप असतो. पाहणाऱ्याने ही चिन्हे कशी वाचावीत, हा वाद अजून मिटलेला नाही.

सांचीच्या मोठ्या स्तूपाच्या पूर्व तोरणावर (इ.स.पू. पहिले शतक) मधल्या तुळईवर महाभिनिष्क्रमण, म्हणजे सिद्धार्थाचा गृहत्याग, कोरले आहे. कपिलवस्तूतून निघालेला त्याचा घोडा कंथक डावीकडून उजवीकडे चार वेळा दिसतो. देवांनी त्याचे खूर हातांवर झेलले आहेत. पाठीवर कोणी नाही, तरी वर छत्र धरलेले आहे. उजव्या टोकाला छत्र नुसत्या पावलांवर येते आणि परतणाऱ्या घोड्यावर ते उरत नाही. छत्र जिथे, तिथे सिद्धार्थ; छत्रावर नजर ठेवली की सगळी कथा उलगडते.

भारहूतच्या शिल्पकारांनी अनेक दृश्यांखाली नावेच कोरली. एका स्तंभावर रिकाम्या आसनापुढे मगधाचा राजा अजातशत्रू नतमस्तक आहे. तिथला कोरीव लेख म्हणतो : ‘अजातसतु भगवतो वंदते’ (अजातशत्रू भगवंताला वंदन करतो). वंदन आसनाला नाही, भगवंताला आहे.

कलेतिहासकार सुसान हंटिंग्टन यांनी 1990 मध्ये वेगळे मत मांडले : यांतली बरीच दृश्ये बुद्धाच्या आयुष्यातली नसून नंतरच्या भाविकांनी पवित्र स्थळी केलेल्या पूजेची आहेत. दुसऱ्या कलेतिहासकार विद्या देहेजिया यांनी पुढच्याच वर्षी उत्तर दिले, की एकच वृक्ष कधी बुद्ध, कधी तीर्थ, तर कधी दोन्ही असू शकतो. भारहूतचा लेख समोर असताना देहेजियांचे म्हणणे अधिक पटते.

मराठी प्रेक्षकाला हे वाचन अवघड जाऊ नये. पालखीत पादुका असतात आणि वारकरी म्हणतात, ‘माउली निघाली.’ ज्ञानेश्वरांच्या पालखी सोहळ्यात दोन अश्व असतात. एकावर स्वार असतो, दुसऱ्याची पाठ मोकळी असते. या दोन परंपरांचा ऐतिहासिक संबंध जोडता येत नाही, पण पाहण्याची रीत ओळखीची आहे. मोकळ्या अश्वावर माउली बसली आहे, हे तिथे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. रिंगणात तो दौडून गेला की त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला माणसे धावतात.