वाऱ्याचा ताल मोडणारी इमारत

पावसाळ्यात दुथडी भरून वाहणाऱ्या नदीच्या पुलावर उभे राहून खांबामागच्या पाण्याकडे थोडा वेळ निरखून पाहिले, तर एक गोष्ट ध्यानात येते. खांबाला वळसा घालून पुढे गेलेल्या पाण्यात भोवरे तयार होतात, पण ते दोन्ही बाजूंना एकाच वेळी होत नाहीत. एक डावीकडून सुटतो, मग एक उजवीकडून, पुन्हा एक डावीकडून. हवेतही हेच घडते, फक्त ते डोळ्यांना दिसत नाही. शांघायच्या पुडोंग भागात २०१५ साली पूर्ण झालेला, ६३२ मीटर उंचीचा शांघाय टॉवर पाहणाऱ्याला त्याचा पिळदार आकार निव्वळ शोभेचा वाटतो. प्रत्यक्षात तो पीळ ठरवताना या न दिसणाऱ्या भोवऱ्यांचा फार बारकाईने विचार झाला आहे.

इमारतीच्या ज्या बाजूला भोवरा सुटतो त्या बाजूचा हवेचा दाब क्षणभर कमी होतो आणि इमारत तिकडे किंचित ओढली जाते. म्हणजे वारा समोरून येत असला, तरी इमारत आडवी, डावीकडे-उजवीकडे डोलू लागते. वाऱ्याचा वेग वाढला की भोवरे भराभर सुटतात. इमारत रुंद असेल तर ते सावकाश सुटतात. दुसरीकडे, प्रत्येक उंच इमारतीचा डोलण्याचा स्वतःचा एक ठेका असतो. शांघाय टॉवरला एक पूर्ण हेलकावा घ्यायला सुमारे ९ सेकंद लागतात. भोवऱ्यांचा ताल आणि इमारतीचा ठेका जुळला, तर झोपाळ्याला नेमक्या वेळी दिलेल्या हलक्या झोक्यांनी झोका जसा वाढत जातो, तसे इमारतीचे डोलणे वाढत जाते. उंच इमारतीच्या रचनाकाराला सोसाट्याच्या वाऱ्याइतकीच या जुळणीचीही धास्ती असते.

ही धास्ती अनाठायी नाही. १८ मे २०२१ रोजी चीनमधल्याच शेन्झेन शहरातील सेग प्लाझा ही २० वर्षे जुनी गगनचुंबी इमारत अचानक थरथरू लागली आणि आतील माणसे जीव मुठीत धरून रस्त्यावर धावली. भूकंप झालेला नव्हता, वादळही नव्हते. छतावरच्या उंच मास्टच्या, म्हणजे डोलकाठीसारख्या खांबाच्या मागे सुटणाऱ्या भोवऱ्यांमुळे मास्ट कंप पावू लागला होता, आणि काळाच्या ओघात इमारतीचे व मास्टचे कंपनाचे गुणधर्म बदललेले असल्याने तो कंप खालपर्यंत पोहोचला, असा निष्कर्ष तज्ज्ञांच्या चौकशीतून निघाला. मास्ट उतरवण्यात आला.

शांघाय टॉवरचे वास्तुरचनाकार गेन्सलर आणि संरचना अभियंते थॉर्न्टन टोमासेटी या कंपन्यांनी हा ताल जुळूच नये अशी व्यवस्था आकारातच केली. इमारत वर जाताना निमुळती होते, त्यामुळे प्रत्येक उंचीवर रुंदी वेगळी आणि म्हणून भोवरे सुटण्याचा वेगही वेगळा. शिवाय गोलसर कोपऱ्यांचा त्रिकोणी आराखडा पायथ्यापासून शेंड्यापर्यंत एकूण १२० अंशांतून फिरतो, त्यामुळे वाऱ्याला प्रत्येक मजल्यावर निराळ्या दिशेचा कोपरा भेटतो. एका बाजूला उभी खाच ठेवली आहे, तीही पिळाबरोबर वर चढत जाते. परिणामी तळाकडचे आणि शेंड्याकडचे भोवरे एका तालात कधीच येत नाहीत. एक डावीकडे ओढत असतो तेव्हा दुसरा उजवीकडे.

किती पीळ द्यायचा हे कागदावर ठरले नाही. लहान प्रतिकृती करून त्या वाऱ्याच्या बोगद्यात ठेवल्या गेल्या आणि पिळाचे निरनिराळे कोन तपासले गेले. पीळ आणखी वाढवला असता तर वाऱ्याचा भार आणखी घटला असता, पण दिसण्याचाही विचार करून १२० अंशांवर शिक्कामोर्तब झाले. मला ही तडजोड प्रामाणिक वाटते. या आकारामुळे वाऱ्याचा भार २४ टक्क्यांनी कमी झाला आणि बांधकामसाहित्यात सुमारे ५ कोटी ८० लाख डॉलर वाचले, असे रचनाकार सांगतात.

हा फायदा नुसता पैशांचा नाही. शांघाय हे नदीने आणलेल्या गाळावर वसलेले शहर आहे. भक्कम खडक फार खोल आहे. त्यामुळे इमारत खोलवर रोवलेल्या पाइल्सवर, म्हणजे जमिनीतल्या खांबांवर उभी असून त्यांच्या माथ्यावर ६ मीटर जाडीचा काँक्रीटचा थर आहे. तो घालायला सुमारे ६० तास अखंड काम करून ६१,००० घनमीटर काँक्रीट ओतावे लागले. अशा जमिनीवर वाचलेल्या प्रत्येक टन पोलादाला मोल आहे.

पिळाची किंमतही मोजावी लागली. बाहेरून फिरणाऱ्या काचेच्या आवरणाच्या आत दुसरी, सरळ गोल भिंत आहे. या दोन्हींच्या मधल्या जागेत अनेक मजले उंचीची उद्याने आहेत आणि तिथली हवा उन्हाळ्यात उष्णता व हिवाळ्यात थंडी अडवते. मात्र तेवढी जागा कार्यालयांना मिळत नाही.

एवढे करूनही डोलणे पूर्ण थांबत नाही, म्हणून १२५व्या मजल्यावर पोलादी दोरखंडांना टांगलेले १,००० टन वजन आहे. इमारत एका बाजूला झुकू लागली की हे वजन मागे राहते आणि तिला विरोध करते. त्याच्या खाली शक्तिशाली चुंबके आणि तांब्याचा पत्रा आहे. तांब्याच्या नळीतून चुंबक सोडला तर तो विलक्षण सावकाश खाली येतो, हा प्रयोग काहींनी शाळेत पाहिला असेल. हलत्या चुंबकामुळे तांब्यात विद्युतप्रवाह निर्माण होतो, तो चुंबकाच्या गतीला विरोध करतो आणि गतीची ऊर्जा उष्णतेत विरून जाते. इथेही तसेच घडते, आणि एकमेकांना न शिवता घडत असल्यामुळे काहीच झिजत नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये बेबिंका हे टायफून शांघायवर येऊन धडकले, तेव्हा हे प्रचंड वजन डोळ्यांना स्पष्ट दिसेल इतके हेलकावत होते. इमारतीने घ्यायचे हेलकावे ते स्वतःवर घेत होते.