रक्ताच्या कर्करोगावरील इम्युनोथेरपी : पार्श्वभूमी

कोल्हापुरातून रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसने निघून सकाळी दादरला उतरणारे आणि परळच्या टाटा रुग्णालयाची वाट धरणारे रुग्ण व नातेवाईक या गाडीला नवे नाहीत. रक्ताच्या कर्करोगाच्या काही रुग्णांच्या फायलीत आता ‘सीडी 19 पॉझिटिव्ह’ (म्हणजे कर्करोगाच्या पेशींवर सीडी 19 ही खूण आहे) ही नोंद असते आणि डॉक्टरांच्या तोंडी ‘इम्युनोथेरपी’ हा शब्द येतो. कोरोनाच्या साथीपासून आपल्याकडे इम्युनिटी म्हटले की काढा आठवतो. पण प्रतिकारशक्ती सरसकट वाढवण्याशी या उपचाराचा संबंध नाही. कर्करोगाची पेशी शरीरातलीच असल्याने संरक्षक पेशींच्या नजरेतून ती निसटते; तिची ओळख त्यांना पटवून देणे, हे या उपचाराचे मर्म आहे.

संरक्षक पेशी कर्करोगाला मारू शकतात, याचा ठोस पुरावा अस्थिमज्जा प्रत्यारोपणातून मिळाला आणि माझ्या मते या इतिहासातील सर्वांत मोलाचा टप्पा तोच आहे. अमेरिकेत डॉ. ई. डॉनल थॉमस यांनी 1957 मध्ये पहिले प्रयत्न प्रसिद्ध केले, तेव्हाचे रुग्ण फार काळ जगले नाहीत. पुढे याच कामासाठी त्यांना 1990 मध्ये नोबेल मिळाले. प्रत्यारोपणामागची मूळ कल्पना साधी होती : किरणोत्साराने रोगट मज्जा नष्ट करायची आणि दात्याची मज्जा भरायची. मात्र ज्या रुग्णांच्या त्वचेवर, यकृतावर दात्याच्या पेशींनी हल्ला चढवला, त्यांच्यात ल्युकेमिया (रक्ताचा कर्करोग) उलटण्याचे प्रमाण कमी असल्याचे 1979 मध्ये दिसून आले. म्हणजे दात्याच्या पेशी कर्करोगालाही मारत होत्या.

पुढे प्रयोगशाळेत तयार केलेली प्रतिपिंडे, म्हणजे ठरावीक खूण ओळखून तिला चिकटणारी प्रथिने, आली आणि 1997 मध्ये लिम्फोमासाठी (लसिका पेशींच्या कर्करोगासाठी) रिटुक्सिमॅब या प्रतिपिंडाला अमेरिकेत मान्यता मिळाली. इस्रायलमध्ये झेलिग एश्हार यांनी 1989 मध्ये टी पेशीवर (एका प्रकारच्या संरक्षक पांढऱ्या पेशीवर) प्रतिपिंडासारखा, खूण ओळखणारा कृत्रिम ग्राहक (रिसेप्टर) बसवण्याची वाट दाखवली. 2012 मध्ये फिलाडेल्फियात अशा ‘कार-टी’ पेशी दिलेल्या सहा वर्षांच्या मुलीची प्रकृती तापाने पार खालावली. संशोधक कार्ल जून यांना स्वतःच्या मुलीच्या संधिवातामुळे ठाऊक असलेले टोसिलिझुमॅब हे औषध दिल्यावर ती सावरली. 2017 मध्ये या उपचाराला अमेरिकेत मान्यता मिळाली. किंमत होती 4,75,000 डॉलर.

आपल्याकडे आयआयटी मुंबईत डॉ. राहुल पुरवार यांच्या गटाने टाटा स्मारक केंद्राबरोबर ‘नेक्सकार 19’ हा कार-टी उपचार विकसित केला. त्याला ऑक्टोबर 2023 मध्ये मान्यता मिळाली आणि खर्च अमेरिकेच्या सुमारे एक दशांशावर आला. सामान्य शेतकरी कुटुंबाला तोही झेपणारा नाही, हे खेदाने नमूद करावे लागते. या उपचारात रुग्णाचे रक्त यंत्रातून फिरवून पांढऱ्या पेशी वेगळ्या काढतात, उरलेले रक्त परत शरीरात सोडतात; त्यातल्या टी पेशींवर कृत्रिम ग्राहक बसवून बदललेल्या, गोठवून ठेवलेल्या पेशी खाटेशेजारी वितळवून सलाइनसारख्या चढवतात. काही रुग्णांत मात्र कर्करोगाच्या पेशी सीडी 19 ही खूणच टाकून देतात आणि कार-टी पेशींना त्या सापडत नाहीत. म्हणून आजार उलटला, तर फायलीतली ती जुनी नोंद पुरत नाही आणि डॉक्टर तपासणी नव्याने करायला सांगतात.