नेटवर टाकली म्हणून पोथी हातची जात नाही

पंचवटीतल्या जुन्या वाड्यांत अजूनही ऐकू येतं, "स्कॅन करून नेटवर टाकलं की आपला हक्क गेला." नाही हो! लाल रुमालात बांधलेली पोथी तुमच्याच फडताळात राहते. जगाला दिसतं ते तिचं चित्र. उलट, काठ चुरत चाललेलं पान दरवेळी उलटावं लागत नाही.

कॉपीराइट वेगळा. हयातीत छापलेल्या पुस्तकावर लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क असतो, मोजणी पुढच्या जानेवारीपासून. म्हणून १९९९ साली गेलेल्या कुसुमाग्रजांची पुस्तकं २०५९ अखेरपर्यंत परवानगीशिवाय टाकू नयेत. पण १९५० आधी निवर्तलेल्या लेखकाचं, आजोबांच्या कपाटातलं पुस्तक खुशाल टाका. फक्त समासातले शेरे आणि वाचनालयाचे शिक्के कापू नका. ते कुणी, कुठे वाचलं हे तिथेच उमटलेलं असतं.